पूर्ण्याचे मिस्त्री आणि हलकं चाक

गाडी घेऊन गेलं की पूर्ण्याचे मिस्त्री आधी गाडीकडे बघायचेच नाहीत. चालवणाऱ्याच्या डाव्या पायाकडे बघायचे. "चला, एक चक्कर मारू," म्हणत शेजारच्या सीटवर बसायचे आणि नाक्यापर्यंत जाऊन परत येईस्तोवर मान खाली घालून क्लचवरचा पाय न्याहाळत राहायचे. पहिल्या दिवशी मला ते फार अवघड वाटलं. मी साडीत गाडी चालवतेय आणि एक परका माणूस माझ्या चपलेकडे टक लावून बसलाय. शेडमध्ये परत आल्यावर ते म्हणाले, "बाई, गाडीचं नंतर बगू. तुमचा पाय क्लचवरून उठतच न्हाय. घाबरता कशाला?"

घाबरत होते हे खरं होतं. मी भूलतज्ज्ञ. राहायला ठाण्यात, पण काम बहुतेक भिवंडीतल्या लहान लहान नर्सिंग होममध्ये. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. सिझेरियन ठरलं की फोन यायचा आणि मी निघायचे. मध्ये कशेळीचा पूल. ट्रक, टेम्पो, कापडाच्या गाठींनी लादलेल्या हातगाड्या. त्या गर्दीत माझी गाडी एक तर उडी मारायची, नाहीतर बंद पडायची.

गाडी माझी नव्हतीच. माझा धाकटा भाऊ सुहास याची. त्यानं ती शर्यतींसाठी तयार केली होती. इंजिनचा आवाज बदलला होता, क्लचला साध्या लायनिंगऐवजी धातूच्या बटणांची, शर्यतीची प्लेट बसवली होती, आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या मागचं ते जड लोखंडी चाक, लेथवर घासून निम्मं हलकं केलं होतं. मग त्याला आखातात नोकरी लागली आणि जाताना त्यानं चावी माझ्या हातात दिली. "ताई, हिला बसवून ठेवू नकोस. रोज चालव," एवढंच सांगितलं. मोकळा रस्ता मिळाला की ती गाडी अशी सुटायची की मला हसू फुटायचं. दिवसभर लोकांना झोपवणाऱ्या बाईला तेवढीच जाग. म्हणून मी तिच्या खोडी सहन करत होते.

पूर्णा हे भिवंडीजवळचं गाव आणि मिस्त्री मूळचे त्याच भागातले. तरुणपणी भिवंडीत यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. मागाच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काढल्यामुळे ते मोठ्यानं बोलायचे आणि समोरच्याचं बोलणं कानापेक्षा ओठांवरून समजून घ्यायचे. शेडमध्ये भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पान्यांची रांग, आणि जमीन इतकी झाडलेली की एखादा वॉशर पडला तर लगेच दिसावा. कोणीही आलं तरी आधी "जय भीम", मग पाणी, मग काम. गाडीची गोष्ट ते मागावरून सांगायचे. "मागाला पण असंच चाक असतं, बाई. चाक हलकं केलं तर माग लगेच पळतो, आणि एक धागा अडकला की लगेच मरतो. जड चाक धक्का पोटात घेतं. तुमच्या रस्त्यावर धक्केच धक्के हायत."

मला ते पटत होतं आणि पटवून घ्यायचं नव्हतं. "सुहास आला की बघू," असं मी दोनदा सांगितलं. ते दोन्ही वेळा म्हणाले, "बगा बाई. पण प्लेट आता जास्त दिवस न्हाय."

ती गेली एका दुपारी, कशेळीच्या पुलावर चढताना. नर्सिंग होममधून फोन आला होता, बाळाचे ठोके कमी होत होते. पुढे ट्रक, मागे टँकर. मी ॲक्सिलरेटर दाबत होते, इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. जळल्याचा कडू वास आला. मागच्या टँकरवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मी गाडी तशीच सोडली, बॅग घेतली आणि पुलावरून पळत सुटले. दुधाच्या रिकाम्या किटल्या घेऊन परत चाललेल्या एका मोटरसायकलवाल्यानं मला दोन किटल्यांच्या मध्ये बसवून नेलं. पोचले तेव्हा सर्जन हात धुऊन उभे होते. बाळ बाहेर आलं ते निळं. रडायला त्यानं फार वेळ घेतला. शेवटी रडलं, तेव्हा सिस्टर भिंतीला टेकून खाली बसली. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं, कारण मला किती उशीर झाला होता ते मला माहीत होतं.

माझा निरोप मिळाल्यावर गाडी मिस्त्रींनी स्वतः टेम्पोला बांधून पूर्ण्याला ओढून नेली होती. संध्याकाळी मी गेले, तर त्यांनी आधी विचारलं, "पेशंट?"

"दोघंही ठीक आहेत."

"मग आता बोलू," ते म्हणाले.

योगायोगानं त्याच आठवड्यात सुहास सुट्टीवर आला. येताना शर्यतीची नवी बटण प्लेट आणि ती चाकावर दाबून धरणारी कडक प्रेशर प्लेट घेऊनच आला होता. माझं फोनवरचं रडगाणं त्यानं आपल्या परीनं मनावर घेतलं होतं. आम्ही दोघं शेडमध्ये गेलो तेव्हा गिअरबॉक्स खाली उतरवलेला होता. जुनी प्लेट बाकावर होती, काळी पडलेली, बटणं खिळ्यापर्यंत झिजलेली. सुहासनं पेटी उघडून नवी प्लेट शेजारी ठेवली.

"ही बसवा मिस्त्री. चाकावर हलका हात मारून घ्या, बास."

मिस्त्रींनी प्लेट हातात घेतली, उलटसुलट केली. "माल चांगला हाय."

"मग?"

"रस्त्याला न्हाय लावणार. ही एक तर पकडते, न्हाय तर सोडते. मधलं काय हिला येत न्हाय. बाईंना सगळा रस्ता मधलाच हाय."

"ताई शिकेल."

"शिकल. पण ट्रॅफिक शिकणार न्हाय."

सुहासचा चेहरा आक्रसला. तो सरळ माणूस, पण गाडीच्या बाबतीत त्याला कोणी शिकवलेलं चालायचं नाही. "मिस्त्री, गाडी माझी आहे. ही गाडी मी दोन वर्षं पळवलीय. तुम्ही सांगताय तसं जड चाक आणि साधी प्लेट लावली तर हिचा बैल होईल."

"मधला रस्ता हाय," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज आता चढलेला नव्हता आणि मला त्याचीच भीती वाटली. "प्रेशर प्लेट तुम्ही आणलेली कडक ठेवू. इंजिनाला जोर हाय, ती लागलच. प्लेट साध्या लायनिंगची. आणि चाक कंपनीच्या वजनाचं. हे घासलेलं न्हाय."

"चाक बदलायचं नाही. ते मी स्वतः उभं राहून लेथवर करून घेतलंय."

"मग गाडी दुसरीकडे न्या. हे चाक घालून मी ही बंद करणार न्हाय."

मी मध्ये पडायला हवं होतं. पुलावरची दुपार माझी होती, बाळही मी बघितलं होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "मिस्त्री, आत्ता बसवून द्या ना. पुढच्या वर्षी बदलू." ते वाक्य आठवलं की मला आजही कानकोंडं व्हायला होतं.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी ते घासलेलं चाक उचलून बाकावर आणलं. फडक्यानं पुसलं, रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा सगळीकडून फिरवला आणि चाक तसंच राहू दिलं. थोड्या वेळानं ते कोरडं पुसलं, इतकं की बोटाला वास राहिला नाही. मग खडूची पूड पातळ फडक्यात घेऊन चाकावर झटकली. काळं चाक पांढरं झालं.

"आता थांबा," ते म्हणाले.

आम्ही तिघं त्या पांढऱ्या चाकाकडे बघत उभे राहिलो. आधी काहीच दिसेना. सुहासनं हाताची घडी घातली. मग एका बोल्टच्या भोकापासून पुडीवर एक ओली रेघ उमटायला लागली. केसाएवढी. ती बाहेरच्या कडेकडे सरकत गेली आणि कडेच्या बोटभर आधी थांबली. भेगेत शिरलेलं रॉकेल खडूत वर येत होतं.

"लेथच्या हत्याराचा ओरखडा असेल," सुहास म्हणाला.

मिस्त्री वाद घालत बसले नाहीत. त्यांनी रॉकेलचा डबा, फडकं आणि खडू त्याच्या पुढे सरकवला. "तुम्ही करा. माझ्या हातावर विश्वास नको."

सुहासनं सगळं पहिल्यापासून केलं. चाक पुसलं, भिजवलं, कोरडं केलं. खडू मारला. रेघ पुन्हा तिथेच आली. ह्या वेळी तिच्याजवळ दुसरी एक आखूड रेघही दिसली.

"हे चाक कुठं असतं गाडीत?" मिस्त्रींनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि पेडलच्या पुढचा पत्रा हातानं ठोकला. "ह्याच्या पलीकडे. मी गॅरेजमध्ये नवा होतो तेव्हा एका टेम्पोचं चाक फुटताना बघितलंय. तडा गेलेलं होतं, मालकाला घाई होती, आम्ही बंद करून दिलं. ड्रायव्हर आमच्याच गावचा. डावा पाय घोट्यापासून गेला. बोल्ट मी आवळले होते."

सुहास बाकावर बसला. म्हणाला, "दोन वर्षं मी ह्याला मिनिटाला सात-सात हजार फेऱ्यांवर फिरवलं. आई एकदा शेजारी बसली होती." मग मिस्त्रींकडे न बघता म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते बसवा."

चाक शोधायला मिस्त्री स्वतः कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेले. परत आल्यावर सुहासला म्हणाले, "तीन सोडली, चौथं आणलं." त्यांनी चाक दोरीला टांगलं आणि पान्यानं हलकेच टोला दिला. घंटेसारखा लांब नाद आला; तडा असता तर आवाज बोदा आला असता. स्वतःला कमी ऐकू येत असल्यानं त्यांनी बोटं चाकाला लावून तो अजमावला आणि सुहासला विचारलं, "वाजतं ना शेवटपर्यंत?" सुहास म्हणाला, "वाजतं." दोन दिवस दोघांनी मिळून काम केलं. क्लचचं रिलीज बेअरिंग नवं घातलं, चाकाची प्लेट टेकते ती बाजू घासून सपाट करून घेतली, बोल्ट एकानं आवळले आणि दुसऱ्यानं तपासले. जेवायला सुहास त्यांच्याच घरी. घरी आला की मला तो मिस्त्रींच्या बायकोनं केलेल्या सुक्या बोंबलाच्या चटणीबद्दल सांगायचा.

गाडी तयार झाल्यावर मिस्त्री माझ्या शेजारी बसले आणि मला थेट कशेळीच्या पुलावर घेऊन गेले. चढावर मध्येच म्हणाले, "थांबवा." मागे पुन्हा एक टँकर होता.

"हँडब्रेक ओढा. न्यूट्रल. आता पाय क्लचवरून काढा. पूर्ण काढा, खाली ठेवा."

"मागचा हॉर्न मारतोय."

"मारू दे. त्याचा हॉर्न, तुमचा पाय."

मग पुढचा ट्रक हलला. त्यांनी मला ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावू दिला नाही. पहिला गिअर टाकून फक्त क्लच हळू सोडायला लावला आणि गाडीनं ओढ घेतल्यावर हँडब्रेक. चाकाच्या वजनानं गाडी धक्का न देता वर चढली. मला वाटलं होतं तेवढी ती मंद झाली नव्हती. मोकळ्या रस्त्यावर आता सुटायला क्षणभर जास्त लागायचा, एवढंच. तो क्षण मला पुढे कधी कमी पडला नाही. ती प्लेट मी सात वर्षं चालवली.

पुढे पूर्ण्याला गोदामं यायला लागली. मिस्त्रींच्या शेडची जागा ज्यांची होती त्यांनी ती विकली. सामान टेम्पोत भरून मिस्त्री लेकीकडे कल्याणला राहायला गेले आणि तिथेच काही वर्षांनी वारले. मला ते महिन्याभरानं कळलं. सुहासला मी फोन करून कळवलं.

पण माझी त्यांची शेवटची भेट मी त्यांच्या मरणाशी जोडत नाही. ती झाली ऑपरेशन टेबलावर. शेड सुटली त्या वर्षी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन भिवंडीत ठरलं, आणि लेकीनं भूल द्यायला मलाच बोलवा म्हणून हट्ट धरला. मी पोचले, सगळं तपासलं. जोडलेला ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला होता. दुसरा, राखीव, रिकामा निघाला. सर्जन म्हणाले, "अर्ध्या तासाची केस आहे, मॅडम. पहिल्यातच होऊन जाईल. मला पुढे ओपीडी आहे." आधीची मी असते तर मान डोलावली असती. त्या दिवशी मी म्हणाले, "दुसरा येईपर्यंत मी भूल देणार नाही." सर्जन चिडले. दुसरी भूलतज्ज्ञ बोलावतो म्हणाले. मी म्हटलं, "बोलवा." बोलावली नाही त्यांनी. सिलिंडर यायला दोन तास लागले.

ते दोन तास मिस्त्री हिरवा गाऊन घालून, उपाशीपोटी, टेबलावर पडून होते. मी शेजारी स्टूल घेऊन बसले. त्यांना सगळं ऐकू आलं असेल असं मला वाटलं नव्हतं, पण त्यांनी नेहमीप्रमाणे आमचे ओठ बघितले होते. सिलिंडर आला, मी तो जोडला, पुन्हा एकदा तपासला, आणि त्यांच्या हाताची शीर शोधायला लागले. काळं तेल कायमचं मुरलेला तो पंजा त्यांनी माझ्यासमोर उघडा केला.

"आता द्या, बाई," ते म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे न बघताच डोळे मिटून घेतले.