भुसावळची मिस्सा आणि दोन भाऊ

कल्याणला गाडीत शिरलो, सीट शोधली आणि शेजारच्या सीटवर माझा सख्खा धाकटा भाऊ इनास बसलेला पाहून तसाच खाली उतरावंसं वाटलं. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. दोघांची तिकिटं भुसावळच्या लॉरेन्समामांनी काढून पाठवली होती. रेल्वेत गार्ड म्हणून उभी हयात घालवलेला माणूस चुकून शेजारशेजारच्या सीटा काढणार नाही. मी दात-ओठ खात बसलो.

आता आमचं भांडण सांगतो. आम्ही वसईचे कॅथलिक. जुन्या लॅटिन मिस्सेचं (मिस्सा म्हणजे आमची मुख्य उपासना, आता ती मराठीत होते) वेड आम्हा दोघांना मामांनीच लावलं. ही मिस्सा हवी असणारी माणसं मुळात मूठभर, आणि त्यांच्यातही दोन तट. बिशपांच्या परवानगीनेच ती व्हावी म्हणणाऱ्यांत मी. परवानगीविना ती करणाऱ्या धर्मगुरूंकडे इनास जातो. त्यात भर पडली एका प्रार्थनेची. मिस्सेत सेवक (वेदीपाशी फादरांना साथ देणारे) तीनदा छातीवर हात मारून ‘मेआ कुल्पा’ म्हणतात, म्हणजे ‘माझा अपराध’. ही प्रार्थना सुरुवातीलाच म्हणायची, असं आमचं पुस्तक सांगतं. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर वाटण्याच्या, आधी ती पुन्हा म्हणायची, अशी त्यांची त्याहून जुनी रीत. यावरून मी इनासला चारचौघांत ‘फुटीर’ म्हणालो, तो मला ‘बिशपांचा हुजऱ्या’ म्हणाला. झालं, बोलणं बंद.

या भांडणापायी दिवंगत मामींसाठीची मिस्सा दोनदा रद्द झाली होती, एकदा आमच्या गटाने अडवली म्हणून, एकदा त्यांच्या. मामा शहाऐंशीचे, नजर अधू होत चाललेली. या वेळी बिशपांनी परवानगी दिली, पुण्याचे एक वयस्कर फादर यायला तयार झाले. मामांनी आम्हा दोघांना सारखंच पत्र धाडलं : ‘सेवेला दोघं या. एकटा कोणी आला तर मिस्सा होणार नाही.’ पुढच्या वर्षी त्यांना वेदी दिसेल की नाही याची खात्री नव्हती. म्हणून मी निघालो होतो. इनासही त्यासाठीच निघाला असणार.

घाट चढून गाडी पठारावर आली, नांदगाव मागे पडलं, तरी आम्ही दोघे खिडकीबाहेरच बघत होतो. चाळीसगावला एक अक्का वांग्यांची पिशवी घेऊन चढल्या आणि समोर बसल्या. बाहेर कपाशी फुटलेली, ऊन चांगलंच तापलेलं. अक्कांनी आमची तोंडं निरखली.

“सख्खा भाऊ शेतस ना? नाक ते बठ्ठं एकच शे!” (शेतस म्हणजे आहात, बठ्ठं म्हणजे सगळं.) “मंग बोलतस का नहीत?”

मला तोंड आवरत नाही. मी सगळं सांगितलं. अक्कांनी शांतपणे ऐकलं आणि डबा उघडता उघडता विचारलं, “म्हंजे ‘मनं चुकनं’ (माझं चुकलं) हाई एकदाव म्हननं का दोनदाव, यावर भांडण?”

“हो.”

“आनि एकमेकले कोन्ही म्हनं का?”

इनास उठून दारापाशी वारा खायला गेला. माझा चेहरा बहुधा पिशवीतल्या वांग्यांसारखा झाला असावा. अक्कांनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) आणि भरीत माझ्या हातावर ठेवलं, इनासचा वाटा वेगळा काढला. भरीत असं जळजळीत की डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळंच मिरचीचं नव्हतं, हे कबूल करतो.

भुसावळच्या फलाटावर मामा काठी टेकून उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. “सीटा मिळाल्या ना शेजारच्या?” एवढंच त्यांनी विचारलं. रेल्वे कॉलनीपर्यंत रिक्षात ते आमच्या मधोमध बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्याबरोबर रोजच्या मराठी मिस्सेला गेलो. मामांनी आधी जाऊन सतरंज्या अंथरल्या. एक मुलगी गिटारवर गाणी वाजवत होती, आणि मामा खणखणीत आवाजात तिच्यामागे गात होते. बाहेर पडल्यावर मी म्हणालो, “मामा, तुम्हाला ही गिटार सहन होते?”

“ती मुलगी बेसूर वाजवते रे,” मामा म्हणाले, “पण रोज येते. तुझ्या गटातले किती जण रोज येतात?”

मी रविवारशिवाय जात नाही. हा माणूस इतकी वर्षं आपल्या आवडीच्या मिस्सेची वाट पाहतोय, आणि समोर आहे ती मिस्सा एकदाही चुकवत नाही. इतरांच्या चुका सापडाव्यात म्हणून डोळ्यांत तेल घालून बसणारा मी, मला स्वतःची लाज वाटली.

अकरा वाजता छोट्या चॅपेलमध्ये जुनी मिस्सा सुरू झाली. मागच्या बाकांवर मामांचे शेजारी, केळीचे बागायतदार पाटील, सहकुटुंब येऊन बसले होते. फादरांना मी आधी विचारलं होतं, ती प्रार्थना दुसऱ्यांदा म्हणायची का? ते म्हणाले, “सेवक म्हणाले तर मी थांबेन.” वेदीच्या पायरीवर डावीकडे इनास, उजवीकडे मी. मामा पहिल्या बाकावर गुडघे टेकून, ओठ हलवत होते.

कम्युनियनची वेळ आली. आता इनास सुरू करणार म्हणून मी कान टवकारले. तो गप्प. माझ्यासाठी गप्प! आयुष्यभराची हट्टी हाडं, आणि माझ्यासाठी आपली रीत सोडून बसलेली. मला राहवलं नाही. मी कमरेत वाकलो आणि ती प्रार्थना एकट्याने सुरू केली, “कॉन्फितेओर देओ...” इनासने झटकन माझ्याकडे पाहिलं. ‘मेआ कुल्पा’ला त्याचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. तीनदा छातीवर हात पडले, आणि तिसऱ्यांदा आम्ही दोघंही वेदीकडे नाही, एकमेकांकडे बघत होतो. हे कुठल्याच पुस्तकात बसत नाही. मागून मामांचा हुंदका आला, आणि माझं काळीज आनंदाने भरून आलं.

बाहेर आल्यावर मामांनी दोघांचे गाल धरून ओढले. “दोघंही नियम चुकलात,” ते म्हणाले, “फार बरं झालं!” मग पाटलांनी आणलेल्या केळ्यांच्या फणीवर तेच आधी तुटून पडले.

परतीच्या गाडीत आम्ही जळगावपासून मनमाडपर्यंत बोलत होतो. मतं दोघांचीही जागच्या जागी आहेत. येत्या रविवारी तो त्याच्या चॅपेलमध्ये, मी माझ्या. पण मिस्सेनंतर जेवायला तो माझ्याकडे येणार आहे, बायकोलाही घेऊन. एका आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्याने न चिडता धीर धरला, आणि आमच्या दोन्ही गटांच्या पत्रकांनी जे साधलं नाही ते साधलं.

इगतपुरीच्या अलीकडे आमच्या गटाच्या सेक्रेटरीचा फोन आला, तो मी स्पीकरवर टाकला. “काय, दुसऱ्यांदा म्हटली का ती प्रार्थना?”

“म्हटली. मीच सुरू केली.”

“तुम्ही? आणि इनास?”

“तो न म्हणायचं ठरवून बसला होता.”

सेक्रेटरी चाचरत म्हणाले, “अहो, मग जिंकलं कोण?”

“मामा!” आम्ही दोघं एकदमच फोनमध्ये ओरडलो, आणि अख्खा डबा वळून बघायला लागला.