दुसरा गट

तीन वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका सकाळी, जळगाव जामोद तालुक्यातल्या आमच्या गावी, गायरानाच्या फाटकाशी वृक्षलागवड समितीच्या पाच जणांनी ढोरकीबाबांना काठ्यांनी मारलं. त्यांचा उजवा हात मोडला. दुसऱ्या दिवशी माझ्या बातमीचा मथळा होता : ‘वृक्षलागवडीवरून दोन गटांत हाणामारी’.

ढोरकीबाबा गावाची ढोरं चारायचे. प्रत्येक गाईला ते मालकिणीच्या नावाने हाक मारत. आमची गाय मास्तरीण. ती कळप सोडून घरी आली की आईला दारातून सांगत, “मास्तरीन शाळा बुडवून आली वो बाई.” आई हसायची. पाटलीणबाईंना मात्र हे खपत नसे. त्यांची गाय मारकी होती.

पूर्वी गाव त्यांना पाऊस विचारायचं. अलीकडे ते सांगेनासे झाले. “मिरग आता नावालेच राह्यला,” एवढंच म्हणत. त्या वर्षी जुलै आला तरी बांधावर गवत नव्हतं. जे जुनं वाळलं उभं होतं ते गायरानात, आणि गायरानाला तारेचं कुंपण झालं होतं. आत रोपं, बाहेर ‘हवामान बदलाशी लढा’ असा फलक. लागवड समितीच्या बैठकीत ते म्हणाले होते, “झाडाशी माह्यं भांडन नाही. झाडं वाढेपर्यंत ढोरायनं काय खावं, थे सांगा.” कोणी सांगितलं नाही. त्या सकाळी त्यांनी फाटक उघडलं.

मी बुलढाण्यात होतो. पोलिसांना फोन केला. दोन्ही बाजूंवर गुन्हे दाखल असल्याचं कळलं, तेवढ्यावर लिहिलं. गावात कोणाला विचारलं नाही. कात्रण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलं. पोलिसांचं लफडं नको म्हणून एकेका घराने आपली ढोरं काढून घेतली. आठव्या दिवशी आमच्याही घराने.

महिन्याने मी गेलो. त्यांचा हात गळ्यात होता.

“बस बापू,” ते म्हणाले. मग म्हणाले, “तूनं लिहलं, दोन गट. एका गटात थे पाच. दुसऱ्यात मी अन् कोन?”

मी त्यांच्यासमोर बसलो.

“नाव माईत असलं तर सांग. साक्षीले बोलावता येईल.”

“बाबा, खुलासा छापतो.”

“छाप. कोनाकडून वाचून घेईन.”

संपादक म्हणाले, खटला चालू आहे, नंतर पाहू. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मागच्या वर्षी ढोरकीबाबा वारले. मृत्यूमुळे त्यांच्यापुरता खटला बंद झाला. खुलासा छापलेला नाही.