दत्तूअण्णांचं नाक

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या जुन्या बरण्या मुदत संपली की टाकून देता येतात. किश्श्यांना मुदत नसते, ते साचतच जातात. मित्र म्हणतात, "तुझ्या किश्श्यांत निम्मं पाणी असतं!" असेल. पण दत्तूअण्णांच्या नाकात पाणी घालायला मला जागाच मिळाली नाही.

दत्तूअण्णा म्हणजे कोडोलीकडचे नामी गुळवे. गुऱ्हाळावर उसाचा रस उकळत असताना काहील, म्हणजे ती अवाढव्य कढई, नेमकी कधी उतरवायची, हे गुळव्यानं ठरवायचं. लवकर उतरली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. बाकीचे गुळवे पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघतात. अण्णा वाफेत नाक घालायचे आणि ओरडायचे, "उतरा!"

*

त्याच नाकाची एक बाजू बंद पडली. मधूनमधून रक्तही यायचं. सर्दी, सर्दी म्हणत अण्णांनी बरेच महिने काढले आणि एके दिवशी एक बाटली घेऊन थेट माझ्यासमोर उभे राहिले. आत काळपट काहीतरी.

"हे काय, अण्णा?"

"नाकातला तुकडा. शिंकलो आन् पडला."

"आणि भोवती?"

"काकवी! नासू ने म्हणून. काकवीत काय नासतंय व्हय?"

मी पोट धरून हसलो. आम्ही तुकडे फॉर्मालिनमध्ये ठेवणारे लोक, आणि हे उसाच्या घट्ट पाकात! तरी धुऊन, कापून, मायक्रोस्कोपखाली घेतला. पेशी अशा स्वच्छ टिकलेल्या, की मी चाटच पडलो. मग त्या पेशी नीट पाहिल्या आणि हसू तिथंच थांबलं. कॅन्सर होता. आमच्या नाक-कान-घशाच्या मॅडमनी दुर्बीण घालून रीतसर तुकडा काढला. उत्तर तेच.

*

मग त्या तुकड्याला एक खास रंग दिला. विषाणूचा हात असल्याचा संशय हा रंग दाखवतो. अख्खी स्लाइड तपकिरी झाली, वर काकवी सांडल्यासारखी! पुढच्या तपासणीत नाव पक्कं झालं : एचपीव्ही. बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाशी कॅन्सर करणारा, तोच.

इतकी वर्षं मी या धंद्यात आहे, पण त्या दिवशी ती स्लाइड मी पुन्हा पुन्हा लावून बघितली. हा पठ्ठ्या माझ्या मायक्रोस्कोपखालीसुद्धा दिसत नाही. जनुकं म्हणाल तर मूठभर. पण पेशीत शिरतो आणि वाढ थांबवणारे तिचे ब्रेकच काढून ठेवतो! नाकातल्या सगळ्या कॅन्सरांत तो नसतो. सापडला तरी दर वेळी गुन्हा त्याचाच, असंही अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. पण इथं खुणा त्याच्याच होत्या.

*

मॅडमनी हे अण्णांना सांगितलं, तेव्हा त्यांची बायको हौसाक्का शेजारीच होती.

"ह्यो पावणा आला कुठनं?"

"बहुतेकदा शरीरसंबंधातून येतो, पण कधी, कुणाकडून, ते सांगता येत नाही, मावशी. हा लई जणांना होतो. बहुतेकांच्या अंगातून आपोआप जातो, एखाद्याच्यात वर्षानुवर्षं बसून राहतो."

अण्णा घाईनं म्हणाले, "मी गुऱ्हाळ सोडून कुठं गेलतो काय?"

"म्हणून तर इचारतोय!" हौसाक्का म्हणाली. "गुऱ्हाळावर कोण कोण येत हुतं?"

मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. शेवटी म्हणाल्या, "हा विषाणू असलेले कॅन्सर बऱ्याचदा उपचारांना चांगली दाद देतात, असं दिसतंय."

"मग बसू दे पावण्याला," हौसाक्का म्हणाली. "ह्यांच्यापेक्षा तरी ऐकतोय!"

*

गावात बातमी गेली. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "अण्णा, गुळातनं तर येत न्हाय न्हवं त्यो विषाणू?"

अण्णांनी उकळत्या काहिलीकडं बोट दाखवलं. "उतर की आत! बघू, त्यो ऱ्हातोय का तू!"

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मात्र अण्णांनी मॅडमना थांबवलं.

"नाक ऱ्हाईल न्हवं, मॅडम?"

"नाक राहील. डोळाही राहील. वासाचं मी सांगू शकत नाही. गाठ नेमकी वासाच्या जागेला भिडलीय."

अण्णांनी नाकाला हात लावला. "मग ऱ्हायलं काय?"

ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. स्कॅन स्वच्छ आला. आम्ही पेढे वाटले. हौसाक्कानं काकवीची बाटली अण्णांच्या नाकाखाली धरली.

"पाणी हाय," अण्णा म्हणाले.

*

पुढच्या हंगामात त्यांनी आम्हाला गुऱ्हाळावर बोलावलं. अण्णा पुन्हा काहिलीपाशी! वाफेत नाक, आणि "उतरा!" गूळ सोन्यासारखा. दुसरी काहील, तीच गत. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "वास आला परत!"

हौसाक्कानं आम्हाला बाजूला ओढलं. "कसला वास घेऊन बसलाय! मी मागं हुबी ऱ्हातो. पाकाचा रंग बघतो, बांगड्या वाजवतो, की ह्ये वरडत्यात. जलमभर शेजारी हुबं ऱ्हाऊन मला बी कळतंय की! बोलू नगासा कुठं."

आम्ही कबूल केलं.

तिसऱ्या काहिलीच्या वेळी ती आमच्यापाशीच गप्पा मारत बसली होती, दोन्ही हात पदराखाली. मध्येच दचकून उठली, "आगं बाई, काहील!"

तेवढ्यात वाफेतून आवाज आला, "उतरा!"

उतरवली. गूळ बसला. तिन्हींत उजवा.

मी हौसाक्काकडं बघितलं. ती पदराबाहेर काढलेल्या आपल्या हातांकडं बघत होती.

"मी वाजवल्याच न्हाईत की!"