निळं झाकण, पांढरं झाकण

कटलेटमावशींना अकरा वर्षांत कुणी त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली नसेल. आधी त्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बटाटे सोलायच्या. तिथून सुटल्या आणि घरच्याच ओट्यावर दोन शेगड्या मांडल्या. कुणाचा वाढदिवस असो की बढती, फोन ठरलेला, “मावशी, शंभर टिक्क्या!” बाईंची शिस्तही अशी विचित्र, की ऑर्डरचा घास चाखायचा नाही म्हणजे नाही. “लोकांच्या आधी आपणच तोंडात घालायचं? छे!” सगळी मदार नाकावर. जिरं जरा जास्त भाजलं तर बाहेरच्या खोलीतून ओरडतील. नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, “हिच्यापुढे पोलिसांचं कुत्रं काय!”

त्या शनिवारी नेमकं हे नाक सर्दीने चोंदलेलं.

ऑर्डर बँकेतल्या ताईंची. त्यांची चिमणी सहा वर्षांची होत होती. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी पोरीचा घसा सुजायचा, श्वास कोंडायचा. दोनदा कशीबशी वाचलेली. “आजवर तिला बाहेरचं काही दिलं नाही, मावशी,” ताई म्हणाल्या होत्या, “पण तुमच्यावर भरवसा आहे.” मावशींच्या टिक्कीत भाजलेल्या दाण्याचं कूट असायचंच, चव त्याचीच. यावेळी कूट बंद, फक्त ब्रेडचा भाजका चुरा. पण एवढ्यावर थांबतील तर त्या मावशी कसल्या! नवं तेल आणलं, परात उकळत्या पाण्याने धुतली, फळीवरच्या सगळ्या डब्यांची झाकणं काढून घासली. आणि कुटाचा तो पांढऱ्या झाकणाचा डबा घरातसुद्धा नको, म्हणून समोरच्या शिंपीणबाईंकडे देऊन आल्या.

चार वाजता ताईंचा भाऊ टिक्क्या घेऊन गेला. मावशींनी चहा ठेवला, तेवढ्यात शिंपीणबाई दारात.

“अहो मावशी, कूट म्हणून दिलंत ना? चाखलं तर ब्रेडचा चुरा निघाला!”

मावशी हसल्या. “तुम्हाला काय कळतंय कूट!” म्हणत त्यांनी डबा उघडला, चिमूट बोटांत चोळली. खरंच चुरा होता. दोन्ही डबे एकसारखे, ओळख काय ती झाकणाची, पांढरं कुटाचं, निळं चुऱ्याचं. आणि झाकणं त्यांनीच सकाळी घासून, पुसून, स्वतःच्या हातांनी लावलेली.

निळ्या झाकणाच्या डब्यातली चिमूट त्यांनी जिभेवर ठेवली. दाणे.

फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना. पुन्हा लावला. तिकडे गाणी लागली असणार. भीती माणसाला काय काय सुचवते बघा! मनात आलं, पोरगी खाणारही नाही कदाचित. आपण केला की फोन. कळलं तर उद्यापासून आपल्या हातचं कोण खाईल? मग त्यांना तो घसा दिसला, सहा वर्षांचा, एवढासा. “शेगडी बंद करा!” असं शिंपीणबाईंना ओरडून त्या तशाच पळत सुटल्या.

तीन गल्ल्या आणि चार मजले. लिफ्ट बंद, मेलीला आजच मुहूर्त सापडला! दुसऱ्या मजल्यावर दम संपला, तिसऱ्यावर एक चप्पल गेली. “खाऊ नकोस गं, बाळा, खाऊ नकोस,” एवढंच तोंडात. वरून टाळ्या ऐकू आल्या. केक कापला. म्हणजे आता ताटल्या वाटतील.

दार उघडंच होतं. चिमणी खुर्चीत बसलेली, मांडीवर ताटली, टिक्की ओठांपाशी. मावशींनी तिच्या हाताला आणि ताटलीला असा फटका मारला की टिक्क्या भिंतीपर्यंत उडाल्या.

“दाणे आहेत त्यात,” मावशी म्हणाल्या. “माझ्या हातून झालंय. खाल्लीस का गं? एक तरी?”

चिमणीने नाही म्हणून मान हलवली. “सगळ्यात मोठी आधी खाणार होते.”

ताई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी पोरीचे हात धुतले, ओठ पुसले, घसा बघितला, पुन्हा बघितला. मावशींकडे मात्र एकदाही पाहिलं नाही. भावाने सगळ्या टिक्क्या पिशवीत ओतल्या आणि पिशवीला गाठ मारली. मावशी दाराशीच खाली बसल्या.

चिमणी आत जाऊन आपला डबा घेऊन आली. दर पार्टीला न्यायची तोच, घरची पोळी आणि गूळ. आज स्वतःच्या वाढदिवसालाही तोच. ती मावशींशेजारी फरशीवर येऊन बसली, अर्धी पोळी तोडून त्यांच्या हातात दिली.

“मावशी, तू इथलं काही खाऊ नकोस हं,” ती हळूच म्हणाली. “त्यात दाणे आहेत. हे खा. हे आईने केलंय.”