घुबडाचा दगड

आमच्या ओढ्यावरच्या आंब्याच्या झाडावर एक मत्स्य घुबड राहतं. धूड मोठं, पायाच्या तळव्यांना बारीक काटे; तेही कशाला, तर निसटता मासा, खेकडा धरायला. एवढंच त्याचं पाप! हे मी शेजारच्या दामूअण्णांना सांगून सांगून थकलो. संध्याकाळी ते घुमलं, की ‘अभद्र मेलं’ म्हणत अण्णा दगड उचलणारच.

काल त्यांची बायको ओरडली, “अहो, मारू नका! मारलेला दगड घुबड उचलून नेतं नि पाण्यात घासत बसतं. दगड झिजतो, तसा मारणारा झिजतो.”

अण्णांचा हात हवेतच थांबला. दगड हळूच खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, “तुम्ही पक्ष्यांतले जाणकार. खरंच घासतं का हो?”

इतकी वर्षं घसा फोडून खरं सांगितलं, ते सगळं गेलं ओढ्यात!

दातओठ खात मी म्हणालो, “घासतं.”