दशक्रियेचा खासदार

आमच्या जुन्नर-आंबेगावात माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीकाठी दोघे हमखास यायचे, एक कावळा आणि दुसरा आमचा खासदार. त्यातल्या त्यात कावळ्याचा भरवसा कमी. हा खासदार माझा शाळेतला वर्गमित्र. शाळा सुटल्यावर गुरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून चिकटला, घाटघरपासून पिंपरी पेंढारपर्यंत सायकलवरून गाईम्हशींना सुया टोचत हिंडला आणि त्या हिंडण्यातच सरपंच, पंचायत समिती, जिल्हा परिषद असं करत नव्वदच्या दशकात थेट दिल्लीला पोचला. माणसांची नावं त्याच्या लक्षात राहत नसत, गुरं मात्र पाठ. डिंगोऱ्याच्या एका शेतकऱ्याची मंत्रिमहोदयांशी ओळख त्याने, "हे आपल्या मारक्या म्हशीचे मालक," अशी करून दिली होती. श्रद्धांजलीचं भाषणही गोठ्यातूनच सुरू व्हायचं. मयताची गाय किती दूध द्यायची हे ऐकताना लोक डोळे पुसता पुसता हसायचे.

माझे वडील, तात्या, अंथरुणाला खिळले तेव्हा तो भेटायला आला. तात्यांनी त्याला खाटेशी उभं केलं. "खासदार, माझ्या दहाव्याला काय बोलनार ते आत्ताच बोलून दाखव. मंग मला कुठं ऐकाया मिळतंय?"

बिचाऱ्याने घसा साफ केला. "तात्यांची खिल्लारी जोडी म्हंजे..."

"बैल ऱ्हाऊ दे. माझं बोल."

"तात्या शांत, प्रेमळ..."

"खोटं नको बोलू! म्हन, म्हातारा लई तापट व्हता, पर जनावरावर कधी हात उगारला न्हाई. बास. आन् ते तूच बोलायचं, दुसऱ्या कुनी न्हाई."

त्याने तात्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

पुढच्याच निवडणुकीत तो पडला आणि त्यानंतर दोन महिन्यांत तात्या गेले. दहाव्याला नवे खासदार गाड्यांच्या ताफ्यासह आले, मनसोक्त बोलले आणि निघूनही गेले. आमचा एसटीने आला होता. चपलांच्या ढिगापाशी उभा होता. मला तो दिसत होता, पण नव्या खासदारांच्या सरबराईत मी त्याला पुढे बोलावलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

पिंड ठेवला. कावळा बाभळीवर बसून राहिला. चुलत्यांनी हात जोडले, "तात्या, बैल इकनार न्हाई." कावळा ढिम्म. "वाटण्या करनार न्हाई." कावळ्याने मान फिरवली. तेव्हा कुठे मला तात्यांची अट आठवली आणि मी मागे जाऊन त्याचा हात धरला.

"माईक बंद केला ना राव," तो पुटपुटला.

"तात्यांना कधी माईक लागला होता का?"

तो पुढे आला. या खेपेला गाय नाही, बैल नाही. "तात्या लई तापट व्हते. पर जनावरावर कधी हात उगारला न्हाई." एवढंच ठरलं होतं. पण तो पुढे म्हणाला, "मला मातर शाळंत असताना दोनदा चोपलं. लई आठवन येते." तेवढ्यात कावळा खाली उतरला.

एसटी स्टँडकडे जाताना तो म्हणाला, "माझ्या दहाव्याला तू बोल. काय बोलशील ते आत्ताच ऐकव." मी तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तुला जमंस्तवर थांबतो मी."

इतकी वर्षं झाली, ते भाषण मी मुद्दामच जमवलेलं नाही.