भुईमुगाचं वावर
उपटलेल्या भुईमुगाच्या ओल्या मातीचा वास आला, की मला हिवरखेडजवळचं ते वावर आठवतं. पासष्टच्या लढाईनंतर सरहद्दीवरच्या शेतांतले सुरुंग काढणाऱ्या तुकडीचा मी हवालदार होतो. त्या कामात माझा एक जवान गेला. रजेवर आलो तेव्हा त्याच्या आईला भेटायला गेलो. ती भुईमूग उपटत होती. मी वावराच्या कडेला, धुऱ्यावरच थबकलो. उकरलेल्या मातीत पाय टाकवेना. “काहून थांबला, बापू?” म्हणत ती उठली, पुढे चालू लागली. “माह्या पावलावर पाय ठेवत ये. काई होत नाई.” मी तसाच गेलो. हेच मी रोज सकाळी माझ्या जवानांना सांगायचो. तिच्या मुलानं ऐकलं होतं. मी पाय उचलला, तिथेच त्याने ठेवला, आणि तिथलाच सुरुंग फुटला. हे सांगायलाच मी गेलो होतो. ते न सांगताच, तिने रुमालात बांधून दिलेल्या शेंगा घेऊन परतलो.